जुन्या मोटारसायकलच्या क्लच स्प्रिंगा कशा निवडाव्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यामाहा आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ साली थांबलं, राजदूत ३५० त्याच्याही आधी बंद झाली. तरी या गाड्या रोज रस्त्यावर आहेत आणि त्यांचे मालक स्पेअर पार्टच्या काउंटरवर उभे आहेत. तिथे हमखास विचारलं जातं, "साधी स्प्रिंग देऊ की कडक?" बहुतेक जण "कडक द्या" म्हणतात, आणि बहुतेकांना तिची गरज नसते. ही पानं त्या काउंटरवर जायच्या आधी वाचण्यासाठी आहेत. उदाहरणं आरएक्स, जुनी बुलेट आणि हिरो होंडाच्या १०० सीसी गाड्यांची आहेत, पण तेलात फिरणारा, अनेक प्लेटांचा क्लच असलेल्या कुठल्याही जुन्या गाडीला हे लागू पडतं.

घाट चढताना इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढत नाही. स्प्रिंगाच गेल्या असणार ना?

क्लच घसरतोय हे खरं, पण त्याला कारणं चार आहेत आणि स्प्रिंग त्यातलं सगळ्यात स्वस्त म्हणून सगळ्यांच्या तोंडी आधी येतं. क्रमाने बघा.

पहिलं क्लच लिव्हरचं फ्री प्ले, म्हणजे केबल ताणायला लागण्याआधीची लिव्हरची मोकळी हालचाल. केबल ताणलेली असेल तर लिव्हर न दाबताही प्रेशर प्लेट (स्प्रिंगांच्या जोराने बाकीच्या प्लेटा दाबून धरणारी प्लेट) थोडी उचललेली राहते आणि नवी स्प्रिंगसुद्धा घसरते. मोजायची जागा प्रत्येक कंपनीची वेगळी असते, यात लोक फसतात. होंडाच्या पद्धतीत लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिमी मोकळा खेळ लागतो. यामाहा लिव्हरच्या मुळाशी, म्हणजे होल्डरला लागून असलेल्या फटीत मोजते आणि तिथे २ ते ३ मिमी पुरतात. टोकाशी २ मिमी ठेवून "यामाहाच्या मापाने सेट केलं" म्हणणारे आहेत. त्यांचा क्लच कायम अर्धवट दाबलेला असतो.

दुसरं ऑइल, त्याचं पुढे सविस्तर येईल. तिसरं घर्षणाच्या, म्हणजे फ्रिक्शन प्लेटा: घासलेल्या किंवा जळून काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या. या तिन्हींची खात्री करून घ्या, मग चौथ्यावर, म्हणजे स्प्रिंगांवर या.

खात्रीची चाचणी सोपी आहे. सपाट, मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ताशी ४० किमीच्या आसपास जा आणि अॅक्सिलरेटर एकदम उघडा. इंजिनाचा आवाज चढला पण वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरतोय. आवाजही चढला नाही तर क्लच ठीक आहे. तुमची अडचण कार्ब्युरेटर, कॉम्प्रेशन किंवा सायलेन्सरमध्ये आहे.

किक घसरते, इंजिन फिरतच नाही. हेही क्लचमुळे?

बुलेट असेल तर हो, असू शकतं. जुन्या बुलेटमध्ये किकची ताकद गिअरबॉक्समधून क्लचमार्गे इंजिनाला जाते, त्यामुळे क्लच कमजोर झाला की पहिली तक्रार किकवरच येते. आरएक्समध्ये किक थेट क्लचच्या बाहेरच्या डब्याला फिरवते (म्हणूनच ती क्लच दाबून गिअरमध्येही किकने सुरू होते). तिची किक घसरत असेल तर किकचा गिअर आणि रॅचेट बघा. त्यासाठी स्प्रिंगा बदलून काहीही होणार नाही.

स्प्रिंग 'बसली' म्हणजे नेमकं काय होतं?

क्लचची स्प्रिंग जन्मभर दबलेल्या अवस्थेत राहते. वर्षानुवर्षांचा दाब आणि तेलाची उष्णता यांनी पोलाद हळूहळू शिथिल होतं आणि स्प्रिंगची मोकळी लांबी, म्हणजे बाहेर काढून टेबलावर ठेवल्यावरची लांबी, कमी होते. तिचा कडकपणा जवळपास तोच राहतो. पण लांबी घटल्याने बसवल्यावर ती कमी दाबली जाते आणि म्हणून कमी जोर देते.

एक मिमीने काय होतं, असं वाटू शकतं. हिशेब करून बघा. समजा नवी स्प्रिंग ३४ मिमी लांब आहे आणि क्लचमध्ये बसल्यावर २६ मिमी राहते. म्हणजे ती ८ मिमी दबलेली आहे आणि सगळा जोर त्या ८ मिमीतून येतो. लांबी ३३ झाली तर ती ७ मिमीच दबते. एका मिलिमीटरमध्ये साडेबारा टक्के जोर गेला. म्हणून बऱ्याच मॅन्युअलमध्ये नव्या लांबीपेक्षा एक ते दोन मिमी कमी झाली की स्प्रिंग बदला असं लिहिलेलं असतं. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. वर दिलेले आकडे फक्त हिशेबासाठी आहेत.

स्प्रिंगा मापात आहेत, तरी क्लच घसरतो. असं का?

याचं उत्तर बहुतेक गॅरेजांत कुणी समजावून सांगत नाही, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. प्लेटा घासल्या की स्प्रिंगा आपोआप सैल पडतात.

प्रेशर प्लेट सगळ्या प्लेटांच्या थप्पीवर टेकते. वरच्याच उदाहरणात पाच फ्रिक्शन प्लेटा आहेत असं धरा. प्रत्येक ०.२ मिमी घासली, म्हणजे हाताला कळणारही नाही इतकी. पण थप्पी एक मिमीने बारीक झाली, प्रेशर प्लेट तेवढी आत गेली आणि स्प्रिंगेला एक मिमी जास्त जागा मिळाली. पुन्हा साडेबारा टक्के गेले. स्प्रिंग एक मिमी बसलेली आणि थप्पी एक मिमी घटलेली, दोन्ही सुटे सुटे "चालतंय" म्हणण्याजोगे, पण मिळून पाव जोर नाहीसा झालेला असतो.

म्हणून क्लच उघडलाच तर व्हर्नियरने दोन्ही मापं घ्या: प्रत्येक स्प्रिंगची मोकळी लांबी आणि प्रत्येक फ्रिक्शन प्लेटची जाडी. घासलेल्या प्लेटांवर कडक स्प्रिंगा चढवल्या तर काही दिवस गाडी छान ओढेल, मग प्लेटांवरचं उरलेलं अस्तरही लवकर संपेल. आणि नव्या प्लेटा टाकताना पंचवीस-तीस वर्षांच्या स्प्रिंगा परत बसवणं ही बचत नव्हे. प्लेटांच्या तुलनेत स्प्रिंगांची किंमत किरकोळ असते. मजुरी आणि गॅस्केट तर दोन्ही वेळा लागणारच.

मग कडक स्प्रिंगा वाईट असतात का?

वाईट नाहीत. चुकीच्या गाडीत बसवल्या की त्रास देतात.

क्लच किती ताकद पेलू शकतो हे चार गोष्टींवर ठरतं: अस्तराचं घर्षण, स्प्रिंगांचा एकूण दाब, प्लेटांची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. पाच फ्रिक्शन प्लेटांचे दहा पृष्ठभाग होतात. यातली स्प्रिंग बदलणं सगळ्यात सोपं, म्हणून सगळे तिच्याच मागे लागतात. पण कंपनीने दिलेला क्लच मूळ इंजिनाची ताकद पुरेशी राखून पेलतो. ९८ सीसीची, ११ हॉर्सपॉवरची आरएक्स मूळ अवस्थेत असेल आणि प्लेटा, तेल, केबल ठीक असतील, तर मूळ ताकदीच्या स्प्रिंगांवर ती घसरायलाच नको. घसरत असेल तर काहीतरी दुसरं बिघडलेलं आहे आणि कडक स्प्रिंग ते झाकते.

झाकण्याची किंमत कुठे कुठे मोजावी लागते ते बघा. आधी हाताला: पुण्यात किंवा ठाण्यात रोज सिग्नलला दाबाव्या लागणाऱ्या लिव्हरचं वजन वाढतं. मग केबलला: आतल्या तारा निपलजवळ एकेक करून तुटतात. मग प्रेशर प्लेट उचलणाऱ्या पुश रॉडच्या टोकांना आणि रिलीज बेअरिंगला. आणि एक परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. जास्त जोराने ओढलं की केबल थोडी ताणते, तिचं बाहेरचं आवरण थोडं दबतं, लिव्हरचा होल्डर किंचित वाकतो. तुमच्या हाताची हालचाल यातच खर्च होते आणि प्रेशर प्लेट कमी उचलली जाते. क्लच पूर्ण सुटत नाही, न्यूट्रल सापडत नाही, पहिला गिअर खाडकन पडतो. घसरणारा क्लच दुरुस्त करायला गेलात आणि चिकटणारा घेऊन आलात, असं होतं.

ताकद वाढवायला इंजिनाचं पोर्टिंग (सिलिंडरमधल्या वाटा कोरून बदलणं) केलं असेल, मोठा कार्ब्युरेटर आणि एक्स्पान्शन चेंबर (टू-स्ट्रोकचा खास सायलेन्सर) लावला असेल, तर जास्त दाब हवाच. तिथेही मूळपेक्षा दहा ते पंधरा टक्के कडक स्प्रिंग घेऊन बघा, एकदम सगळ्यात कडक घेऊ नका. त्याहून जास्त लागत असेल तर आधी चांगल्या प्रतीच्या फ्रिक्शन प्लेटा टाका.

मूळ स्प्रिंग मिळत नाही. दुसऱ्या गाडीची बसेल का?

बसेल की नाही हे काउंटरवरच्या "सेमच आहे" वर ठरत नाही, सहा मापांवर ठरतं: तारेची जाडी, वेटोळ्याचा बाहेरचा व्यास, आतला व्यास, मोकळी लांबी, एकूण वेटोळी आणि टोकं. टोकं घासून सपाट केलेली असावीत, नाहीतर स्प्रिंग तिरकी उभी राहते.

या मापांचं वजन सारखं नसतं. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो, वेटोळ्याच्या सरासरी व्यासाच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात घटतो आणि काम करणाऱ्या वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. शाळेतलं गणित इथे पैसे वाचवतं. तार २.० मिमीऐवजी २.१ मिमी असली तर कडकपणा सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो. २.२ मिमी असली तर ४६ टक्क्यांनी. डोळ्याला या दोन स्प्रिंगा जुळ्या दिसतात. सहा काम करणाऱ्या वेटोळ्यांऐवजी पाच असतील तर कडकपणा २० टक्क्यांनी जास्त. म्हणून तार मायक्रोमीटरने मोजा आणि जिथे मोजता तिथला रंग किंवा गंज आधी पुसून काढा; रंगाच्या थराने सगळा हिशेब चुकतो.

एक तपासणी कधीच टाळू नका. वेटोळी एकमेकांना टेकून स्प्रिंग भरीव नळी होते ती तिची घट्ट उंची. ती साधारण एकूण वेटोळी गुणिले तारेची जाडी इतकी असते. आठ वेटोळी आणि २.२ मिमी तार असेल तर १७.६ मिमी. क्लच पूर्ण दाबल्यावर स्प्रिंगेला जी कमीत कमी जागा उरते ती या उंचीपेक्षा आरामात जास्त हवी. नसेल तर लिव्हर मध्येच दगडासारखा अडेल, आणि जोर लावत राहिलात तर केबल, पुश रॉड किंवा हबचे (क्लचच्या मधल्या भागाचे) स्प्रिंगा बसतात ते खांब यांपैकी काहीतरी तुटेल.

स्प्रिंगखाली वॉशर टाकले तर? किंवा जुनी स्प्रिंग ताणून बसवली तर?

एक मिमीचा वॉशर म्हणजे स्प्रिंग एक मिमी जास्त दबणार. बसलेल्या स्प्रिंगचा गेलेला जोर त्याने परत येतो, हे खरं आहे. आडगावी अडकलात आणि घरी पोहोचायचं असेल तर हा उपाय मला मान्य आहे. पण सगळ्या स्प्रिंगांखाली सारख्याच जाडीचे वॉशर हवेत, घट्ट उंचीची तपासणी वर सांगितल्याप्रमाणे करायला हवी, आणि घरी आल्यावर ते काढायला हवेत.

ताणणं मात्र करू नका. ताणलेली स्प्रिंग दाबात गेली की पुन्हा बसते आणि प्रत्येक वेगवेगळी बसते.

एकच स्प्रिंग तुटली आहे. तेवढीच बदलू?

पूर्ण सेट बदला. एक नवी आणि बाकीच्या जुन्या असल्या की प्रेशर प्लेट एका बाजूला जास्त दाबली जाते, उचलतानाही तिरकी उचलते. मग गाडी सुटताना थरथरते आणि प्लेटा एकाच कडेने घासतात. हिरो होंडाच्या १०० सीसी गाड्यांना चार स्प्रिंगा असतात, राजदूत ३५० ला सहा. सेट घरी आणल्यावर त्यातल्या सगळ्या स्प्रिंगा एका सपाट काचेवर शेजारी उभ्या करा आणि वरून पट्टी टेकवून बघा. पट्टी हलली तर सेट परत करा.

माझी जुनी बुलेट आहे, चार गिअरची. तिला वेगळं काही?

हो. तिच्या क्लचला तीनच स्प्रिंगा असतात, त्यामुळे त्यांच्यातला फरक लगेच जाणवतो. सहांपैकी एक कमजोर असली तर बाकीच्या पाच सांभाळून घेतात. तीनमध्ये तसं होत नाही.

नव्या स्प्रिंगा बसवल्यावर प्रायमरी चेनकेसचं, म्हणजे क्लच ज्यात असतो त्या डब्याचं झाकण लावायच्या आधी क्लच दाबा, दुसऱ्याला हळूहळू किक फिरवायला सांगा आणि प्रेशर प्लेटकडे बघा. ती सरळ फिरली पाहिजे. डगमगत असेल तर स्प्रिंगांच्या जागा आपसांत बदलून बघा, खालच्या वाट्या नीट बसल्या आहेत का तपासा. तरी डगमगली तर त्या तीन स्प्रिंगा एका मापाच्या नाहीत. हा पाच मिनिटांचा वेळ कुणीही मेकॅनिक काढू शकतो. तुम्ही शेजारी उभे राहून आग्रह धरा.

चेनकेसमध्ये गिअर ऑइल ओतण्याची सवय काही ठिकाणी अजून आहे. घट्ट ऑइलमध्ये प्लेटा थंडीच्या सकाळी एकमेकींना चिकटून राहतात आणि दोष बिचाऱ्या स्प्रिंगांना लागतो.

ऑइलमुळे खरंच क्लच घसरतो?

घसरतो. मोटारगाडीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात. मोटारीच्या इंजिनाला ती उपयोगी, तेलात बुडालेल्या क्लचला घातक. म्हणून डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' (ही जपानी मानकाची खूण) लिहिलेलं ऑइल घ्या. 'एमबी' नको, ते घर्षण कमी असलेलं ऑइल सुक्या क्लचच्या स्कूटरसाठी चालतं. आरएक्ससारख्या टू-स्ट्रोक गाडीत गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं आणि क्लच त्यातच फिरतो. पेट्रोलसोबत जळणाऱ्या टू-टी ऑइलशी त्याचा संबंध नाही. चुकीचं ऑइल पडलं असेल तर बदलून शे-दोनशे किलोमीटर चालवून बघा. प्लेटा जळलेल्या नसतील तर बऱ्याचदा क्लच पुन्हा धरतो.

दुकानात चांगली स्प्रिंग कशी ओळखायची?

पुण्यात नाना पेठेत किंवा आणखी कुठे, पाकिटावरच्या छपाईवर भरवसा ठेवू नका. जुना पार्ट सोबत न्या, आणि पार्ट नंबर लिहून न्या. यामाहाच्या दाब-स्प्रिंगांचे नंबर ९०५०१ ने सुरू होतात. दुकानदाराने दिलेल्या पाकिटावर वेगळंच काही असेल तर ते यामाहाचं मूळ पाकीट नाही, एवढं तरी कळतं. मूळ नसलेला माल वाईटच असतो असं नाही. भारतात स्प्रिंगांच्या तारेसाठी आयएस ४४५४ हे मानक आहे आणि नीट तारेपासून, नीट उष्णताप्रक्रिया करून केलेली स्प्रिंग मूळच्या तोडीची असू शकते.

ते पारखायची माझी आवडती चाचणी अशी: नव्या स्प्रिंगची लांबी व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा. स्प्रिंगमधून एक बोल्ट आरपार घाला, म्हणजे ती उडणार नाही, डोळ्यांवर चष्मा लावा, आणि बेंच व्हाइसमध्ये धरून वेटोळी टेकेपर्यंत तीन-चार वेळा दाबा. पुन्हा मोजा. चांगली स्प्रिंग कारखान्यातच अशी दाबून आलेली असते, तिची लांबी हलत नाही. अर्धा मिमी किंवा जास्त घटली, तर तिने आजच तुमच्या टेबलावर जे केलं तेच ती पुढे क्लचमध्ये करत राहील.

जोर घरी मोजता येतो का?

येतो, बाथरूममधल्या वजनकाट्यावर. ड्रिल मशीनचा स्टँड असेल तर काट्यावर स्प्रिंग उभी करा, वर सपाट तुकडा ठेवा आणि स्टँडचा दांडा खाली आणून ती बसवल्यावरच्या लांबीइतकी दाबा. काट्यावरचा आकडा म्हणजे एका स्प्रिंगचा जोर. जुन्या आणि नव्या, सगळ्यांचे आकडे लिहून ठेवा. एकाच सेटमध्ये फार तफावत असेल तर सेट बदला. किती लांबीपर्यंत दाबायचं हे माहीत नसेल तर निदान सगळ्या स्प्रिंगा एकाच लांबीपर्यंत दाबून तुलना करा.

बसवताना काय सांभाळायचं?

नव्या फ्रिक्शन प्लेटा असतील तर बसवण्यापूर्वी ऑइलमध्ये भिजवून ठेवा. पोलादी प्लेटा काचेवर ठेवून फीलर गेजने वाकल्या आहेत का बघा. क्लचच्या डब्याच्या फटींत प्लेटांच्या दातांनी खाचा पाडल्या असतील तर त्या आधी दुरुस्त करायला हव्यात, नाहीतर प्लेटा तिथे अडकतात.

स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, फिरून फिरून आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे जाऊ नका, प्रेशर प्लेट तिरकी होऊन अॅल्युमिनियमचा खांब तडकतो. सहा मिमीच्या बोल्टांना सहसा ६ ते १० न्यूटन-मीटर इतकाच टॉर्क लागतो, म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नव्हे. हबचा खांब तुटला तर जुन्या गाडीचा चांगला हब शोधण्यात महिने जातात.

शेवटी फ्री प्ले नव्याने सेट करा. थप्पीची जाडी आणि स्प्रिंगांचा जोर बदलला की आधीचं सेटिंग चालत नाही. आधी गाडीच्या बाजूचं, म्हणजे पुश रॉडकडचं अॅडजस्टमेंट, मग केबलचं.

किती किलोमीटरला स्प्रिंगा बदलायच्या?

असा एक आकडा नाही. हायवेवर सरळ चालणाऱ्या गाडीच्या स्प्रिंगा वर्षानुवर्षं मापात राहतात. अर्धा क्लच धरून रोज गर्दीत रांगणाऱ्या किंवा डबलसीट वरंधा घाट चढणाऱ्या गाडीच्या लवकर बसतात. क्लचचं झाकण कुठल्याही कारणाने उघडलं की लांबी मोजा आणि तारखेसकट वहीत लिहा. दोन-तीन नोंदी झाल्या की तुमच्या गाडीच्या स्प्रिंगा किती वेगाने बसतात ते तुम्हाला कळेल.